पाणकणसं कापली तेव्हा

तळ्याकाठच्या पायवाटेची देखभाल करणाऱ्या बाईला फिरायला येणारे लोक पाठीमागे ‘पाणकोंबडी’ म्हणत. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून ती दिवसभर चिखलातच असायची. नावाचं तिला काही वाटत नसे. संताप यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. लोक ‘पक्ष्यांना खायला घालू नका’ या पाटीखाली उभं राहून बदकांना पाव टाकत आणि वर तिलाच विचारत, “पाण्याला वास का येतो हो?”

त्यातही सगळ्यात जास्त डोकं खायचा तिचा सख्खा भाऊ. दादा बस चालवून निवृत्त झाला आणि सकाळी फिरणाऱ्यांचा पुढारी होऊन बसला.

“ती पाणकणसं कापून टाक. माणसाच्या वर गेलीत. ना पाणी दिसतं, ना पक्षी.”

“आडोसा आहे म्हणून तर पक्षी आहेत, दादा. आत जांभळ्या पाणकोंबडीनं अंडी घातलीत. पिल्लं निघेपर्यंत तरी धीर धर.”

दादाला धीर कुठला! ती मुलीच्या बाळंतपणाला गेली, तेवढ्यात त्यानं नगरपालिकेच्या साहेबांच्या मागे लागून कापणी करून घेतली. ती परतली तर अख्खा काठ भादरलेला. घरटं उघडं पडलेलं, अंडी कावळ्यांनी फोडलेली. नर-मादी लाल पाय उचलत खुंटांमधून नुसती येरझाऱ्या घालत होती.

ती चिखलाच्या बुटांनिशी थेट दादाच्या घरात शिरली.

“अगं, फरशी आत्ताच पुसलीय!” वहिनी ओरडली.

“झालं समाधान?” तिनं दादाला विचारलं. “आता बघ हवं तेवढं पाणी.”

“मला काय माहीत अंडी तिथंच होती ते?”

“सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस.”

तिनं बोलणं टाकलं. काही दिवसांत पाणकोंबड्या निघून गेल्या, पाठोपाठ छोटी बदकंही. दादा नवी दुर्बीण गळ्यात अडकवून मोकळ्या पाण्याकडे बघत बसायचा. फिरणारे आता त्यालाच विचारत, “पक्षी कुठे गेले हो?”

ती पलीकडच्या काठावरून पाणकणसांचे मुळांसकट गड्डे उपटून आणून लावू लागली. एका सकाळी दादा पायवाटेवर येऊन उभा राहिला.

“किती दिवस अबोला धरणार आहेस?”

ती गुडघाभर पाण्यात होती. पाठ भरून आली होती, राग तसाच होता.

“ते घमेलं दे इकडे.”

त्यानं बूट काढले, विजार दुमडली आणि घमेलं घेऊन उतरला. पहिलाच गड्डा त्यानं उलटा रोवला.

“दादा, मुळं खाली!” ती खेकसली.

त्या वर्षी एकही पाणकोंबडी परत आली नाही.