माईकवरची घरपट्टी

लाखांदूर तालुक्यातल्या आमच्या गावात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. दिवसभर दुकानं, दंडारीचा नाच, लेकी-जावई, आणि अंधार पडला की मंडपात नाटक. पण पडदा वर जाण्याआधी ग्रामपंचायतीचा शिपाई माईक घेतो आणि घरपट्टी न भरलेल्यांची नावं वाचतो. पाहुणे समोर बसलेले असतात, म्हणून तर तेव्हाच वाचतो. ही पद्धत कोणी पाडली ठाऊक नाही, पण वसुलीचा याहून स्वस्त मार्ग पंचायतीला सापडला नसावा.

मी नववीत होतो तेव्हा आमचं नाव वाचलं गेलं. बाप त्याच पावसाळ्यात गेला होता. पंचायतीत घर त्याच्याच नावावर, म्हणून शिपायाने त्याचंच नाव घेतलं. मेलेल्या माणसाचं नाव मंडपभर घुमलं आणि मागे कोणीतरी हसलं. माय पदर पुढे ओढून उठली, तिच्यामागे मी. त्यानंतर दप्तर उचललंच नाही. दूरचा एक मामा हैदराबादकडे कामाला होता, त्याच्यासोबत निघालो.

आजही मी तिथेच, प्लायवूडच्या गोदामात माल चढवतो-उतरवतो. सेठ चांगला माणूस आहे. भंडाऱ्याला मायचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तोंड उघडायच्या आधी त्याने पैसे दिले, आणि नंतर कधी विषयही काढला नाही. हे मी विसरणार नाही. म्हणूनच चहा पिता पिता तो म्हणतो की टॅक्स आम्ही भरतो आणि तुमची गावं फुकट खातात, तेव्हा मी मान हलवतो. साबण, चप्पल, मोबाइलचा रिचार्ज, सगळ्यावर जो टक्का त्याला तोच मला. त्याच्या खिशाला तो कळतही नाही, माझ्या पगाराला खड्डा पडतो. पण नोकरी जाण्याची भीतीही आहे.

त्या मंडईपासून मायचा नेम ठरला. धान निघाला की आधी घरपट्टी, मग बाकीचं. गेल्या साली मंडई तोंडावर आली तरी सरकारी धान खरेदी केंद्र उघडलं नव्हतं. धान ओलसर होता. थोडे दिवस वाळवून केंद्राची वाट पाहिली असती तर भाव बरा मिळाला असता. फोनवर मी तेच सांगत होतो, ती ऐकेना. गावाच्या तोंडाशी राईस मिल आहे, तिच्या मालकाने ओलीचं कारण सांगून भाव पाडला. मायने त्या भावाला धान दिला आणि त्याच पावली पंचायतीत जाऊन पट्टी भरली. मी सुट्टीवर घरी पोचलो तेव्हा ती पाहुण्यांसाठी वडे तळत होती, अगदी निर्धास्त.

मंडपात आम्ही पुढे बसलो. एवढी पुढे ती कधी बसत नाही. पण त्या वर्षी नावं आलीच नाहीत. सरपंच उभे राहिले आणि सांगू लागले की सरकारने सवलत दिली आहे, जुनी थकबाकी एकदम भरेल त्याला निम्मी माफ. गावात पहिला लाभ घेतला तो राईस मिलच्या मालकाने. मिल आणि दोन मजली घर मिळून त्याने किती वर्षं पट्टी भरली नव्हती, देव जाणे. मंडपाचा खर्च तोच देतो, म्हणून त्याचं नाव माईकवर कधी आलं नव्हतं. आता आलं, जबाबदार नागरिक म्हणून. शाल, श्रीफळ, टाळ्या. मायनेही सवयीने टाळ्या वाजवल्या, मग तिचे हात मध्येच थांबले.

सकाळी ती पंचायतीत गेली, मी सोबत होतो. वेळेवर भरणाऱ्याला काही सूट आहे का, एवढंच तिने विचारलं. ग्रामसेवक मोकळेपणाने हसला.

"मावशी, तुमची थकबाकीच नाही. माफ काय करू?"

परतताना तलावाच्या पाळीवर ती थांबली. "म्हंजे तो नाई भरला त् शाल," ती म्हणाली, "आन् आपण नाई भरलो त् माईक."

मी म्हणालो, मग आपणही थांबू. चार साल साठू दे, येईल सवलत.

"तुह्या बापाचं नाव हाय तिथं, बाबू. ते कायले पुन्हा वाचू देऊ?"

यंदा धानाची रोवणी चालू असतानाच तिचा फोन आला. पुन्हा सवलत येणार असं गावात बोलणं आहे, लोक थांबून आहेत, आपणही थांबायचं का? तिने असं पहिल्यांदाच विचारलं. मी गोदामाच्या दारात उभा होतो. आत सेठ कोणाला तरी सांगत होता की देश कोणाच्या पैशावर चालतो. मनात आलं, सांगावं थांब म्हणून. निम्मी पट्टी वाचेल, धान वाळवून विकता येईल. पण कानात तो माईक खरखरला.

"नको माय," मी म्हणालो, "पैसे धाडून राहिलो. भरून टाक."

"हव," ती म्हणाली, आणि तिने सोडलेला श्वास मला इकडे ऐकू आला. मलाही हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच मला अजून चीड येते.