म्हशीला हाक मारायचं अक्षर

बाराखडी अपुरी आहे, असं चारचौघांत ठणकावून सांगणारे प्राथमिक शिक्षक मी आयुष्यात एकच पाहिले, माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे. उभी नोकरी पोरांना तीच बाराखडी गिरवायला लावली, आणि निवृत्त झाल्यावर महाडला माझ्या टायपिंगच्या दुकानात येऊन म्हणतात, "पाव्हणे, हे अक्षर तुमच्या कॉम्प्युटरात आहे का?" मग ओठ मिटून त्यांनी असा काही आवाज काढला, की अर्ज टाइप करून घ्यायला बसलेल्या बाई पदर सावरून उठल्याच. ती म्हशीला मारायची हाक होती.

पोलादपूरच्या वर, कशेडीच्या बाजूला डोंगरातल्या वाडीत त्यांचे मोठे भाऊ म्हशी राखत. धाकट्याची शाळा व्हावी म्हणून थोरल्याने गुरं हाती घेतली, ती कायमची. आता अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली होती. "दादाच्या हाका कागदावर उतरल्या नाहीत, तर मीही विसरेन हो," एवढंच सासरे म्हणाले. मला नाही म्हणवेना.

उच्चारशास्त्राच्या तक्त्याची झेरॉक्स त्यांनी कुठूनशी पैदा केली आणि वर्डमधली सिम्बॉलची पेटी आम्ही पालथी घातली. ओठांच्या त्या आवाजासाठी पोटात टिंब असलेलं वर्तुळ सापडलं, तेव्हा त्यांनी मला चहा पाजला. ते उमटवायला आधी शून्य-दोन-नऊ-आठ टाइप करायचं आणि मग आल्ट-एक्स दाबायचं, हे त्यांनी पाढ्यासारखं घोकलं. दर शनिवारी प्रिंट घेऊन एसटीने वर जायचे, भावाच्या खाटेशी वाचून दाखवायचे. भाऊ डावा हात हलवून नापास करायचे. सोमवारी स्वारी पुन्हा दुकानात हजर. "टाळूचा आवाज आणखी मागून हवा, दादा ऐकत नाही." एकदा फॉन्ट नसलेल्या मशीनवर प्रिंट काढली, तर चिन्हांच्या जागी नुसते चौकोन आले. तेही यांनी आ वासून वाचून दाखवले म्हणे. इतकं कडक प्रूफ तपासणारा माणूस मला या धंद्यात दुसरा भेटला नाही.

नवव्या खेपेला मीही बरोबर गेलो. सासऱ्यांनी चष्मा लावला आणि वाचलं. आधी ओठांचा आवाज, मग टाळूचे दोन, मग लांब हेल. भावाचा हात या वेळी हलला नाही. तेवढ्यात गोठ्यातून सासऱ्यांच्या वहिनी शेणाचे हात तसेच घेऊन धावत आल्या आणि खाटेवर वाकल्या.

"आवो, तुमी बोललात?"

सासऱ्यांनी कागद पाठीमागे लपवला, पण वहिनींना तो दिसला होता. त्या हळूच खाटेच्या कडेला टेकल्या.

"भावजी, परत म्हना. डोळं मिटून आयकू दे मला."

सासऱ्यांनी पुन्हा वाचलं. मी उठून अंगणात गेलो. मला तिथे बसवेना.