बसायची मजुरी

आज सकाळी रंग कालवायला जवसाच्या तेलाची बाटली उघडली आणि तो कडवट, उबदार वास मला थेट लातूरच्या आमच्या पत्र्याच्या खोलीत घेऊन गेला. बाबा दाळमिलवर हमाल. सांजच्याला घरी यायचे तेव्हा भुवयांवर तुरीची धूळ बसलेली असायची. भाजी क्वचितच, जवसाची चटणी आणि भाकरी मात्र ठरलेली. मुकादम हजेरीत मारतो, दुकानदार मापात मारतो, हे आम्ही बाराखडीच्या आधी शिकलो. संशय हा आमच्या घरातला कंदील होता. त्याच्या उजेडात चाललं की ठेच जरा कमी लागायची.

मग मी नांदेडला चित्रकला शिकायला गेले, तेव्हा तो कंदील माझ्यावरच रोखला गेला. गल्लीत बायका विचारायच्या, "रांगोळ्या काढायला नांदेड कशाला लागतंय?" बाबांनाही तेच वाटायला लागलं. एक दिवस न कळवता ते एसटीत बसले. हे शिक्षण खोटं निघालं तर माझी वळकटी उचलायची आणि नर्सिंगला घालायचं, हे मनाशी पक्कं करूनच आले.

वर्गात व्यक्तिचित्रणाचा तास होता. चित्रासाठी समोर बसणारे रोजचे आजोबा आले नव्हते आणि दारात पिशवी धरून बाबा उभे. सरांनी त्यांनाच विचारलं, "काका, तुम्ही बसता का? नुसतं बसायचं. मजुरी मिळते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "बसायची मजुरी कोण देतंय? मागून कशावर आंगठा घेतील ह्ये?"

तरी बसले. स्टुलाच्या कडेवर, पिशवी मांडीत घट्ट धरून. रिकाम्या बसण्याची सवयच नव्हती त्यांना. बोटं सारखी काम शोधत होती. थोड्या वेळानं म्हणाले, "माय, ही लेकरं मला बघायलेत का माझी चोरी धरायलेत?" वर्ग हसला. ते हसले नाहीत.

मीही त्यांचीच लेक. सर माझ्या कामाला "छान" म्हणायचे, आणि ती कीव असणार असं मला वाटायचं. त्या दिवशी मात्र सरांकडे लक्षच नव्हतं. कोळशाच्या प्रत्येक रेघेवर माझं नांदेडला राहणं टांगलेलं होतं.

तास संपल्यावर बाबा एकेका चित्रापुढून फिरले. "माणूस एक अन् तोंडं इतकी. ह्यातलं खरं कोणतं?" सर नुसते हसले, त्यानं बाबांचा संशय आणखी वाढला. माझ्या चित्रापुढे मात्र थांबले. उजवा खांदा मी होता तसाच काढला होता, पोती वाहून डाव्यापेक्षा खाली गेलेला. बाबांनी डाव्या हातानं आपला खांदा चाचपला.

"ह्यो आसा खाली गेलाय?"

"हाव बाबा. लई दिवस झाले."

"तुझी माय कधी बोलली न्हाई."

बसस्टँडवर एसटी लागली तेव्हा म्हणाले, "तोंडाचं मला कळंना. खांद्याचं खरं हाय. ऱ्हा तू." आणि गाडी हलता हलता खिडकीतून, "पर त्या सरांवर नजर ठिव."

इतकी वर्षं झाली, संशय काही गेला नाही. त्यानं फक्त जागा बदलली. आता कुणी "छान" म्हटलं की मी आधी माझ्याच रेघेची उलटतपासणी करते. काळानं आमची खोली नेली, बाबांचं बळ नेलं. ही सवय मात्र ठेवली, आणि तिची मला लाज वाटत नाही.

वळकटी नांदेडलाच राहिली. मी चित्रकलेची पदवी घेतली. आमच्या घरातली ती पहिली पदवी.