ट्रॅकवरचं वाळवण

आमच्या कॉलनीसमोरचा रस्ता नवा होणार असं कळलं, तेव्हा सायकलवाल्यांसाठी वेगळा ट्रॅक हवाच म्हणून सगळ्यात मोठ्यानं भांडलेली बाई मीच. पिंप्राळ्याकडचा हा रस्ता म्हणजे केळीचे ट्रक, रिक्षा, क्लासला उशीर झालेल्या पोरापोरींच्या स्कूटर आणि या सगळ्यांच्या मधून सायकलवर आमचे आबा. आबा म्हणजे माझे सासरे. शिरपूरपलीकडच्या खेड्यातलं शेत धाकट्या दिरावर सोपवून ते जळगावला आमच्याकडे राहायला आले, ते एक पेटी आणि ही सायकल घेऊन. रोज न्याहारी झाली की सायकल काढायची, मारुतीच्या पारावर आपल्या वयाच्या माणसांत बसायचं आणि ऊन तापायच्या आत परत यायचं. तेवढ्या वेळात ते कोणाचे वडील नसत, कोणाचे सासरे नसत. ते घरी येईपर्यंत माझा जीव मात्र टांगणीला लागलेला असे.

कॉलनीच्या बैठकीत मी नगरसेवकांना सरळ विचारलं, "म्हाताऱ्या माणसांनी काय ट्रकखाली जायचं का?" टाळ्या पडल्या. घरी आल्यावर मी ते आबांना ऐटीत सांगितलं. त्यांना काही फार कौतुक वाटलं नाही.

"मी रस्तावर शे म्हनीसन ट्रकवालाले दिसस," ते म्हणाले. "कोपरामा ठेवं का दिसत नही. आनि कोपरामा ठेवेल वस्तूवर बठ्ठं घर सामान ठेवस."

"म्हणे कोपऱ्यात ठेवलेल्या वस्तूवर सगळं घर सामान टाकतं! आबा, तुमचं आपलं काहीतरीच!" मी म्हटलं. आमच्या घरात मी असं म्हटलं की विषय संपतो. तोही संपला.

ट्रॅक झाला. लाल रंगाचा, गुळगुळीत, रस्त्यापासून उंच काठानं आणि खांबांनी वेगळा काढलेला. तो माझ्या माहेरून आला असावा, तशी मी त्याची राखण करायचे. शेजारी पाहुणे आले आणि त्यांची गाडी ट्रॅकवर लागली, तर मी पदर खोचून फाटकाशी उभी. भाजीच्या गाडीवाल्याला हाकललं, उलट्या दिशेनं घुसणाऱ्या स्कूटरवाल्यांना ऐकवलं. कॉलनीतल्या बायका मला मागून ट्रॅफिक पोलीस म्हणायच्या, हे मला ठाऊक होतं आणि आवडायचंही. आबा आधी नाखुशीनं, मग सवयीनं ट्रॅकवरून जाऊ लागले. मी खिडकीतून ती पाठमोरी सायकल वळणापर्यंत बघायचे आणि निवांतपणे भाजी चिरायला घ्यायचे.

मग उन्हाळा आला आणि बिबड्यांचे, आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांचे, दिवस आले. खानदेशात बिबड्या एकट्या बाईनं करायच्या नसतात. भिजवलेल्या ज्वारीचं पीठ, त्यात तीळ, लसूण, मिरची. पहाटे चुलीवर हंडा चढतो, आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, आणि सगळ्या मिळून ओल्या कापडावर पातळ पातळ थापतात. आधी वाळवण गच्चीवर जायचं. यंदा माझे गुडघे म्हणत होते, जिना नको. कोणीतरी म्हटलं, समोर बघ ना, एवढं स्वच्छ सिमेंट, दिवसभर ऊन, काठ असल्यामुळे गाडीची भीती नाही. ते कोणीतरी मीच होते. उगाच दुसऱ्या कोणाचं नाव कशाला पुढे करू?

जुन्या साड्या अंथरल्या आणि आमच्या फाटकापासून पार वळणापर्यंत ट्रॅक पांढराशुभ्र झाला. इतकं देखणं वाळवण मी आयुष्यात घातलं नव्हतं. कडेला वीतभर जागा मी मुद्दाम सोडली होती.

आबा सायकल घेऊन बाहेर आले आणि थांबले.

"बाजूनं जा ना आबा, जागा ठेवलीय," मी पिठाच्या हातांनीच खूण केली.

त्यांनी त्या वीतभर जागेकडे पाहिलं. "खावानं शे ते," ते म्हणाले. "त्यानाजोडे चाक कसं लई जाऊ?"

आणि दोन खांबांमधून त्यांनी सायकल रस्त्यावर उतरवली. मला त्या वेळी काय वाटलं ते सांगते. मला बरं वाटलं. बिबड्यांवर धूळ उडणार नव्हती. शेजारणींची पाळी आली तशा त्यांच्या साड्याही तिथंच पसरत गेल्या आणि आबा रोज मुकाट्यानं रस्त्यानं जाऊ लागले. ज्या ट्रकच्या नावानं मी टाळ्या मिळवल्या होत्या, ते ट्रक बिबड्या वाळेपर्यंत मला दिसेनासे झाले.

त्या सकाळी पुन्हा माझी पाळी होती. एक रिक्षा प्रवासी घ्यायला अचानक डावीकडे आली. आबांनी ब्रेक दाबला, तोल गेला आणि ते खुब्यावर पडले. आवाज फार मोठा झाला नाही. मी धावले तेव्हा रिक्षावाल्यानंच त्यांना धरलं होतं.

"बाबा, तुमच्यासाठी तिकडे वेगळा रस्ता केलाय ना!" तो म्हणाला. "मग इकडं कशाला आले?"

जमलेली माणसं तेच म्हणू लागली. एवढा खर्च करून ट्रॅक केला, पण या लोकांना शिस्तच नाही. म्हातारी माणसं ऐकतच नाहीत. मी मागे वळून बघितलं. गर्दीची धूळ बसेल म्हणून शेजारणींनी तेवढ्यात साड्या गोळा केल्या होत्या. ट्रॅक मोकळा पडला होता, लालभडक, कालच रंगवल्यासारखा. माझ्या बोटांना पीठ चिकटलेलं होतं. एरवी गाडीवाल्यांना सळो की पळो करणारं माझं तोंड, ते उघडलंच नाही.

दवाखान्यात ऑफिसातून आमचे हे आले. घाबरलेला माणूस आधी रागावतो, तसे आबांवर रागावले. "ट्रॅक सोडून रस्त्यावर गेलातच कशाला? हिनं कोणासाठी एवढी भांडणं केली?"

मी आबांच्या उशाशी उभी होते. आबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "चूक मनीच शे," ते म्हणाले.

ऑपरेशन झालं, सळई बसली. नेमानं व्यायाम केला तर सायकलही जमेल कदाचित, असं डॉक्टर म्हणाले. पण ह्यांनी ठरवून टाकलं. ट्रॅक असून जो माणूस ट्रकच्या वाटेत जातो, त्याच्या हाती सायकल द्यायची नाही. गावाकडे दिराला फोन गेला, येऊन सायकल घेऊन जा म्हणून. मी रोज सकाळी ठरवायचे, आज ह्यांना खरं सांगते. मग चहा व्हायचा, डबा व्हायचा, हे निघून जायचे आणि मला सुटल्यासारखं वाटायचं. त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच मला जास्त लाज वाटते.

एकदा आबांनीच विचारलं, "यंदा बिबड्या कश्या झायात?" मी एक भाजून, वर शेंगदाण्याचं कच्चं तेल घालून दिली. त्यांनी चवीनं खाल्ली आणि आणखी एक मागितली. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

आता पावसाळा आहे. आबांची कॉट पुढच्या खोलीत, खिडकीशेजारच्या कोपऱ्यात आहे. काल दीर सायकल न्यायला येणार होते आणि घर आवरायची माझी घाई चालली होती. दोरीवरचे कपडे काढून मी कॉटच्या पायथ्याशी टाकले. मग सोफ्यावरच्या उशा टाकल्या. मग इस्त्रीचा गठ्ठा. पुन्हा काहीतरी ठेवायला आले आणि माझं लक्ष गेलं. आबांनी दुखरा पाय पोटाशी ओढून घेतला होता. चेहरा आवळला होता, कपाळावर घाम होता. कपड्यांना जागा करून देऊन ते खिडकीबाहेर बघत होते. बाहेर मोकळा ट्रॅक भिजत होता.

"आबा! सांगायचं ना मला!"

"ऱ्हाऊ दे पोरी," ते म्हणाले. "धुयेल शेत. पाय लागी जाई."

धुतलेल्या कपड्यांना पाय लागेल म्हणून ते दुखरा पाय आवळून बसले होते. दारात हे उभे होते, फोनवर दिराला कुठवर पोहोचलास म्हणून विचारत होते. मी तो सगळा गठ्ठा छातीशी उचलून धरला आणि मोठ्यानं म्हणाले, "त्यांना सांगा, सायकल न्यायची नाही. आबा हट्टानं रस्त्यावर गेले नव्हते. ट्रॅकवर माझ्या बिबड्या होत्या. रोज असायच्या. त्यांनी अन्नाजवळ चाक नेलं नाही, आणि मी तुमच्यासमोर तोंड उघडलं नाही."

ह्यांच्या हातातल्या फोनमधून दीर हॅलो हॅलो करत राहिले. हे माझ्याकडे बघत होते, मग वडिलांकडे बघू लागले.

कॉटवर आता जागा झाली होती. आबांनी पाय हळूहळू लांब केला. पूर्ण नाही. तो अजून पूर्ण होत नाही.