मी बोलत नव्हतो तेव्हा

माझ्या बायकोला गाडी चालवता येते, हे मला कंपनीच्या बसच्या खिडकीतून कळलं.

पहिली पाळी सुटली होती आणि आमची बस रांजणगावच्या पुढं गर्दीत अडकली होती. शेजारी एक जुनी पांढरी व्हॅन उभी होती. तिच्यापुढं एक कंटेनर वळायला बघत होता. त्याला जागा द्यायची तर व्हॅनला मागं यावं लागणार होतं, आणि मागं टेम्पो, बाजूला आमची बस. व्हॅन चालवणाऱ्या बाईनं मान वळवून मागं बघितलं, आरशात बघितलं आणि तेवढ्याशा जागेत वीतवीतभर सरकवत गाडी मागं घेतली. कुठं घासली नाही, मध्येच बंद पडली नाही. माझ्या शेजारचा म्हणाला, "हात काय बसलाय राव बाईचा." मी वाकून बघितलं. ती माझी बायको होती. बाजूच्या सीटवर आमच्या खालच्या मजल्यावरचे चाचा होते आणि मागं आमची मुलगी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती.

'ही माझी मंडळी' असं सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यानं पुढं विचारलं असतं, वहिनी कधी शिकल्या? मला ते ठाऊक नव्हतं. दोन महिने मी तिच्याशी बोललो नव्हतो.

आम्ही कारेगावात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहतो. माझं गाव कवठे येमाई, तिचं माहेर दौंड. आमच्या घरात राग आला की पुरुष बोलायचा बंद होतो. माझे वडील तसेच. आई ताट ठेवायची, ते जेवून उठायचे, आणि असे आठवडे जायचे. मीही तेच उचललं. मी हात उगारत नाही, शिव्या देत नाही, नुसता गप्प बसतो, म्हणजे मी भला माणूस, असं मी अगदी मनापासून समजत होतो.

लग्नानंतर पहिल्या वर्षी मी चार दिवस अबोला धरला. ती मागं मागं फिरली, काय चुकलं म्हणून विचारत राहिली, न केलेल्या चुकांचीही माफी मागितली. मी बोलेपर्यंत ती जेवायची नाही. पाचव्या दिवशी मी "चहा टाक" म्हणालो आणि तिचा चेहरा असा उजळला की मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. हे लिहिताना जड जातंय, पण खरं तेच आहे. पुढच्या अबोल्यांना त्या उजळण्याची चटक कारण होती.

या वेळचं कारण सांगायचीही लाज वाटते. गावी भावकी जेवायला बसली होती आणि मी लाइनचा सुपरवायझर झालो असं मी सांगून टाकलं. ती भाकरी वाढत होती. सहज म्हणाली, "अजून पत्र कुठं आलंय?" सगळे हसले. तिथून कारेगावपर्यंत मोटारसायकलवर मी एक शब्द बोललो नाही.

पहिले पंधरा दिवस नेहमीसारखे गेले. मग एका सकाळी मी कंपनीचे बूट घालत होतो, तेव्हा ती समोर येऊन बसली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "मी दोनदा माफी मागितली. तिसऱ्यांदा मागणार न्हाई. तुम्हाला बोलावंसं वाटंल तवा मी इथंच हाय. आन् पोरीला मधी घालू नका." मुलगी सात वर्षांची. 'मम्मीला सांग डबा भर' असे निरोप मी तिच्यामार्फत धाडत होतो. मी उठलो आणि कंपनीची बस पकडायला निघून गेलो.

त्या दिवसापासून घर बदललं. ती वेळेवर जेवायला लागली. उद्या पाणी येणार नाही, गॅस संपत आलाय, असं गरजेचं तेवढं मला सांगायची आणि उत्तराची वाट न बघता कामाला लागायची. बहिणीशी फोनवर हसायची. त्या हसण्यानं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझा अबोला घरभर होता, पण तिच्या अंगाला लागत नव्हता. मी तो आणखी ताणला. दरम्यान ती काय करते, कुठं जाते, हे मी विचारू शकत नव्हतो. विचारायचं तर बोलावं लागलं असतं.

व्हॅन बघितल्यावरही दोन दिवस माझी जीभ उचलली नाही. बसमध्ये मी मनात वाक्य घोळवायचो आणि दारात आलो की बूट काढून सरळ आत निघून जायचो. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गॅलरीत मटकी निवडत बसली होती. मी उंबऱ्यातच उभा राहून विचारलं, "गाडी कवा शिकलीस?"

तिनं वर बघितलं. मी चेहरा उजळायची वाट बघत होतो. तो उजळला नाही.

"तुम्ही बोलत नव्हता तवा," ती म्हणाली.

मी तिच्यासमोर खाली बसलो. मग मटकी निवडता निवडता तिनं सगळं सांगितलं. चाचांनी वीस वर्षं शाळेची मुलं नेली-आणली, आता ते घरीच असतात. तिनंच त्यांना शिकवा म्हणून गळ घातली. मुलगी शाळेत गेली की कंपन्यांच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर दोघं जायची. पहिल्या आठवड्यात तिनं गाडी दोनदा रस्त्याकडेच्या चारीत घातली. मग कच्चं लायसन, मग पक्कं. आणि मागच्या आठवड्यात ती दौंडला जाऊन आली. तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. चाचा-चाची आणि मुलगी सोबत होती. न्हावऱ्यावरून, पारगावच्या पुलावरून, चौफुल्यावरून तीच चालवत गेली, आईला दवाखान्यातून घरी सोडलं आणि मी पाळीवरून यायच्या आत भाकरी टाकून मोकळी झाली.

ती भाकरी मी खाल्ली होती. मान खाली घालून, न बोलता खाल्ली होती आणि तिची कशी जिरवली असं मनात म्हणालो होतो. माझ्या सासूच्या डोळ्यावरची पट्टी सुटून तिला नातीचं तोंड दिसलं होतं, आणि मला ती दवाखान्यात गेल्याचंही ठाऊक नव्हतं.

"मला सांगायचं तरी," मी म्हणालो.

"तिखटमिठाचं सांगत व्हते ना रोज? ऐकत व्हता का?" तिनं ताट बाजूला ठेवलं. "तुम्ही रागावलेलं मला चालतंय. भांडा की. पन तुम्ही गप बसला म्हंजी मी घरात हाय का न्हाई, हेच मला कळंना व्हायचं. आता पुढच्या वेळंला मी रडणार न्हाई, आन् वाटही बघणार न्हाई. माझं मी जगत ऱ्हाईन. तुम्ही बोलाल तवा मी कुठवर गेली असंन, ते मला न्हाई सांगता यायचं."

ती धमकी नव्हती. उद्या पाणी येणार नाही हे ती ज्या आवाजात सांगायची, त्याच आवाजात तिनं हे सांगितलं. म्हणून मी हादरलो. ज्या दोन महिन्यांत मी एक शब्द दाबून धरण्यात सगळा जीव खर्च केला, त्याच दोन महिन्यांत हिनं एवढं सगळं केलं होतं, आणि तेही माझ्याशी हिशेब चुकता करायला नाही. आमच्या चार पिढ्यांत असं कुणी वागलेलं मी बघितलं नव्हतं. मी माफी मागितली. तिनं ताट पुन्हा पुढ्यात ओढलं आणि मटकी निवडायला लागली.

खाली चाचांचे आभार मानायला गेलो, तर त्यांनी मलाच झटकलं. ते नुसते बाजूला बसले होते, म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांनी पुष्कळांना शिकवलं, पण चारीतून गाडी निघाल्यावर पाणीसुद्धा न पिता पुन्हा चावी फिरवणारी हीच.

पुढच्या रविवारी सासूला बघायला आम्ही चाचांची व्हॅन घेऊन निघालो. ती चालवत होती, मी शेजारी, मुलगी मागं. दोन्ही बाजूंना ऊस, रस्त्यात ट्रॉल्या. ट्रॉलीला ओलांडायच्या आधी ती ओठ किंचित आवळते, हे मला त्या दिवशी कळलं. पारगावच्या पुलावर भीमेचं पाणी दोन्हीकडं पसरलं होतं. लहानपणापासून मी त्या पुलावरून गेलोय, पण त्या दिवशी माझं लक्ष पाण्याकडं नव्हतंच, गियरवरच्या तिच्या हाताकडं होतं. तुला माझा राग नाही आला का, असं मी विचारलं. रोज आला, ती म्हणाली, म्हणूनच रिव्हर्स लवकर जमला. मुलगी मागून खदखदा हसली. तिघं हसलो, तेव्हा मला जाणवलं की हा आवाज किती दिवसांत ऐकला नव्हता.

मी काही एका दिवसात सुधारलो नाही. दिवाळीत पाहुण्यांवरून पुन्हा बिनसलं आणि जुनी सवय वर आली. तेवढ्यात कसाबसा म्हणालो, "मला राग आलाय. आत्ता बोललो तर वाकडं बोलीन. सकाळी बोलतो." एवढं बोलताना मला घाम फुटला.

"बरं," ती म्हणाली आणि पीठ चाळायला लागली.

सकाळी चहा घेऊन बोलायला बसलो, तर सांगण्यासारखं जेमतेम दीड वाक्य निघालं. तिनं ते पुरतं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढंच?"

एवढंच होतं.