पिवळी डबा कशी ठरली

हसायचं तर खुशाल हसा, पण मधे मधे नको. शेवटी एकदम हसा. मी यात जे दिवे लावलेत ना, त्यांचा उजेड शेवटीच पडतो!

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. जुन्या टू-स्ट्रोक गाड्या हा माझा विषय आहे. नोकरी गुरुग्रामला, घर द्वारकेला, दिवसभर मीटिंगा. पण मला मधेच उठवून ऐंशीच्या दशकातल्या मोटोक्रॉस गाड्यांवर बोल म्हणा, बोलतो. बोल म्हणायलाच हवं, असंही नाही. मागच्या गणपतीत आमच्या मंडळात एका बाईंनी मला फक्त विचारलं होतं, "तुमच्या गाडीत जागा आहे का हो?" त्यांना मी आरती सुरू होईपर्यंत टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोकमधला फरक समजावला. त्या शेवटी मेट्रोने गेल्या.

मोटोक्रॉस म्हणजे काय, माहितीय ना? मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारत पळवायच्या गाड्या. ना दिवा, ना हॉर्न, ना नंबरप्लेट. नाशिकला शाळेत असताना रद्दीवाल्याकडच्या एका परदेशी मासिकात मला अशाच एका गाडीचा फोटो मिळाला होता. पिवळी गाडी, हवेत, खाली धुळीचा लोट. तो फोटो मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. कॉलेज झालं, लग्न झालं, दिल्ली झाली, पण मनात ती पिवळी तशीच हवेत राहिली.

आणि मग आमच्या आयुष्यात कर्नलसाहेब आले.

कर्नलसाहेब म्हणजे निवृत्त फौजी, पंजाबी, गुडघे गेलेले, आवाज शाबूत. गुरुग्रामच्या पलीकडे, अरवलीच्या पायथ्याशी त्यांचं फार्महाउस. कुठल्याशा वकिलातीतला गोरा साहेब मायदेशी जाताना दोन मोटोक्रॉस गाड्या यांच्या गळ्यात मारून गेला होता. एक लाल, एक पिवळी. दोन्ही ऐंशीच्या दशकातल्या, दोन्ही टू-स्ट्रोक. कर्नलसाहेबांनी तरुणपणी शेतात मनसोक्त उडवल्या, आणि नंतर पोरींसारख्या जपल्या.

आता ते फार्महाउस सोडून मुलीच्या फ्लॅटवर जाणार होते. तेराव्या मजल्यावर मोटोक्रॉस कुठे ठेवणार? तर त्यांनी मला बोलावलं. सोबत वानखेड्यांनाही.

वानखेडे माझे मित्र. मूळ अमरावतीचे, इथे मंत्रालयात अधिकारी, सरकारी क्वार्टर तळमजल्यावर, पुढे बाग. गाड्यांतलं त्यांचं ज्ञान स्कूटरची किल्ली लावण्यापर्यंत. कर्नलसाहेबांचे ते ब्रिजचे भिडू, म्हणून बोलावणं.

"देखो भई," कर्नलसाहेब म्हणाले, "ये दोनों मेरी बेटियां हैं. बेचनी नहीं हैं. अच्छे घर में जाएं, बस. तू एक्सपर्ट है. दोनों चला, मुक़ाबला कर, जो अच्छी लगे तू ले जा. दूसरी वानखेडे की. लेकिन एक बार ज़ुबान दे दी तो दे दी."

 पिवळी! ती साक्षात पिवळी! कपाटाच्या दारावरची! मी मनात आधीच तिला बाल्कनीत उभी करून टाकली. पण एक्सपर्ट माणसाने लगेच बोट दाखवायचं नसतं. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "सर, बिल्कुल. लेकिन तुलना शास्त्रशुद्ध होगी."

दिवस ठरला दसऱ्याचा. मीच ठरवला. दिल्लीत दसरा म्हणजे रावण. आपल्याकडे दसऱ्याला गाडी धुवायची, झेंडूची माळ घालायची, हळदकुंकू वाहायचं, हे कर्नलसाहेबांना भारीच आवडलं. "गाड़ी की पूजा? वाह! हम तो उस दिन सिर्फ़ पटाखे सुनते हैं."

आमची वैशाली, म्हणजे माझी बायको, तीही आली. तिचा कार्यक्रम वेगळा होता. कर्नलसाहेबांच्या मिसेस, आम्ही आंटी म्हणतो, इतक्या वर्षांचं घर सोडून चालल्या होत्या, तर त्यांची ओटी भरायची. नारळ, तांदूळ, ब्लाउजपीस, सगळं एका पिशवीत घालून आणलं होतं. आपट्याची पानं काही दिल्लीत मिळत नाहीत, तर सोसायटीतल्या कचनारची पानं तोडून आणली होती. दिसायला थेट तशीच असतात, सोनं म्हणून खपून जातात.

पिशवी तिने माझ्या बादलीशेजारी ठेवली. हे लक्षात ठेवा.

मी बाह्या सरसावल्या. आता, मोटोक्रॉस गाडी धुवायची एक पद्धत असते, ती काही कुणालाही माहीत नसते. मला आहे! पाणी मारायच्या आधी सायलेन्सरच्या तोंडात बोळा कोंबायचा. नाहीतर पाणी आत जातं. लालमध्ये मी माझा रुमाल कोंबला. पिवळीसाठी दुसरं काही हाताशी नव्हतं, डोळ्यांत साबण गेला होता, म्हणून चाचपडत शेजारच्या पिशवीत हात घातला, कापड लागलं, घेतलं, बोटाने आतपर्यंत दाबून बसवलं. काम कसं चोख पाहिजे!

दोघींना न्हाऊ घातलं. मग हात पुसायला रुमाल हवा, म्हणून लालमधून रुमाल ओढून काढला. पिवळीतलं कापड? त्याची मला गरजच पडली नाही ना! वर दोन्ही गाड्यांच्या मागच्या बाजूला मी झेंडूच्या भरगच्च माळा सोडल्या. पिवळीच्या सायलेन्सरचं तोंड फुलांआड गेलं. सुंदर दिसत होती हो. एखादी नवरी दिसावी तशी.

पूजा झाली. मग परीक्षा.

पहिली लाल. मोठं इंजिन, हवेवर थंड होणारं, मागे दोन शॉकअब्सॉर्बर, दोन्ही ब्रेक जुन्या ड्रमचे. किक मारली, पेटली. कमी वेगातसुद्धा दमदार ओढ. शेताला एक फेरी मारून आलो. वानखेड्यांनी टाळ्या वाजवल्या. ते कशालाही वाजवतात.

मग पिवळी. लहान इंजिन, पण पाण्यावर थंड होणारं, मागे एकच शॉकअब्सॉर्बर, म्हणजे लालपेक्षा पुढच्या जमान्यातली. अशा गाडीचं एक वैशिष्ट्य असतं. खालच्या वेगात ती झोपलेली, आणि एका ठरावीक टप्प्यावर अचानक अंगात आल्यासारखी सुटते. त्या क्षणाची मी शाळेपासून वाट पाहत होतो.

किक मारली. ठुस. पुन्हा मारली. ठुस. बऱ्याच किकांनंतर ती कशीबशी पेटली आणि खोकायला लागली. मी गिअर टाकला, अ‍ॅक्सिलरेटर पिळला. गाडी पाच-सहा पावलं रांगली आणि बसली. अंगात येणं तर सोडाच, ती उठायलाच तयार नव्हती!

"पिछली सर्दियों में तो चीख़ रही थी," कर्नलसाहेब काळजीने म्हणाले.

आता खरं तर इथे साधा माणूस काय म्हणाला असता? "काहीतरी अडकलंय, बघू या." पण साधा माणूस मी आहे का? सगळे माझ्याकडे बघत होते. मी चष्मा पुसला.

"सर," मी म्हणालो, "ये होना ही था."

आणि मग मी सुटलो. त्या काळातली लहान इंजिनं कशी नाजूक, पिस्टनच्या रिंगा कशा झिजतात, कॉम्प्रेशन कसं जातं, पेट्रोलमधलं ऑइलचं प्रमाण जरा चुकलं की सिलेंडरला कसे ओरखडे पडतात. मोठं इंजिन विरुद्ध लहान, हवा विरुद्ध पाणी, दोन शॉक विरुद्ध एक. मी झाडाखाली मातीत काडीने आकृती काढली. वानखेडे मन लावून ऐकत होते. कर्नलसाहेबांची मान खाली जात होती.

मधेच वैशाली आली. "अहो, पिशवीतला ब्लाउजपीस पाहिलात का? सापडत नाहीये."

"अगं, इथे इंजिनचं पोस्टमॉर्टेम चाललंय आणि तुला ब्लाउजपीस सुचतोय?"

"आंटी पाटावर बसल्यात. ओटी कशी भरू?"

"घरीच राहिला असेल. तुझं नेहमीचंच आहे." असं म्हणालो मी! या तोंडाने!

ती गेली. मी निकालाकडे वळलो. आतून पार तुटलो होतो बरं का. इतक्या वर्षांचं प्रेम, आणि ते असं शेतात खोकताना बघायचं. पण मी स्वतःला बजावलं, भावनेच्या भरात वाहून जाणारा तो एक्सपर्ट कसला?

"सर, लाल. नि:संशय लाल. पिवळी म्हणजे..." मी काडी मातीत रोवून ठणकावून सांगितलं, "डिब्बा है."

"ज़ुबान?"

"ज़ुबान."

वानखेड्यांचा चेहरा उजळला. "मंग पिवळी माझी न भाऊ? मले तर पहिल्यापासून तेच आवडली होती. व्हरांड्यात लय मस्त दिसंल. पडदेबी पिवळेच आहेत आपल्याकडे."

पडदे! पडद्यांना मॅच होते म्हणून! मला त्यांची कीव आली. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "वानखेडे, शोभेलाच ठेवा. चालवायच्या भानगडीत पडू नका."

"नाही नाही. फक्त एक फोटो काढून द्या न. चालू गाडीवर. बायकोले पाठवतो."

मोठ्या मनाने मीच पिवळीला किक मारली. बऱ्याच प्रयत्नांनी ती खोकत सुरू झाली. वानखेडे वर बसले. फोटोत माळ आडवी येतेय म्हणून मी ती माझ्या हातांनी बाजूला केली. गाडी न्यूट्रलमध्ये, मी समोर मोबाइल धरून. "हां, स्माइल!"

वानखेड्यांना वाटलं, शर्यतीतला फोटो म्हणजे मूठ पिळलेली पाहिजे. त्यांनी ती पिळली. पूर्ण. आणि पिळूनच धरली.

पिवळी गुरगुरली, थरथरली, आणि...

फट्टाक!

कर्नलसाहेब या वयातही खाली वाकले. पाठीमागून काहीतरी हिरवं, धूर सोडत, सुसाट निघालं आणि थेट ओसरीवर जाऊन पडलं. तिथे आंटी पाटावर बसलेल्या, वैशाली नुसता नारळ हातात घेऊन उभी.

आणि पिवळी? अहो, पिवळी किंचाळली! तीच किंकाळी, जी मी कपाटाच्या दारापाशी उभा राहून मनातल्या मनात ऐकली होती. आवाज अरवलीच्या टेकड्यांवरून परत आला. वानखेडे घाबरून मूठ सोडायचीच विसरले होते. झाडावरचे पोपट उडाले. माझ्या अंगावर सरसरून काटा आला, आणि मोबाइल तसाच धरून मी ओसरीकडे वळलो.

ओसरीवर वैशालीने खाली वाकून ते हिरवं उचललं. झटकलं. नीट उलगडलं. जरीचा काठ, मधोमध काळं भोक.

"अहो," ती अगदी शांतपणे म्हणाली, "ब्लाउजपीस सापडला."

 मग कर्नलसाहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सायलेन्सरकडे, एकदा मी मातीत काढलेल्या आकृतीकडे. आणि ते जे हसायला लागले, त्यांना खुर्ची आणून द्यावी लागली.

मी काय गप्प बसणार? "सर, तांत्रिकदृष्ट्या तुलना अधूरी रही. एक बार फिर से..."

"ज़ुबान, बेटे," कर्नलसाहेब डोळे पुसत म्हणाले. "ज़ुबान."

मी वानखेड्यांकडे वळलो. "वानखेडे, असं बघा, लाल मोठी आहे. दणकट आहे. पडदे काय, बदलता येतात."

वानखेडे पिवळीच्या टाकीवरून मायेने हात फिरवत होते. "नाही भाऊ. तुम्हीच तर सांगतलं, डबा आहे म्हणून. तुम्ही एवढे जाणकार, तुम्हाले डबा देणं बरं दिसते का? असू द्या, डबा मी नेतो."

माझंच मत माझ्याच गळ्यात! 

टेम्पोत पिवळी चढली. माळ अजून अंगावर होती. आंटींनी सवयीने डोळ्यांना पदर लावला. तिच्या मागून लालही चढली, आणि लाल वाईट नाही हो, उत्तम गाडी आहे, माझं मत आजही तेच आहे. पण टेम्पो फाटकाबाहेर वळला तेव्हा मी बघत कुणाकडे होतो, ते काही सांगायला नको.

आम्ही द्वारकेला निघालो. वैशाली खिडकीबाहेर बघत होती, मांडीवर तो जळका ब्लाउजपीस. शेवटी मीच म्हणालो, "तुझ्या ओटीचा विचका झाला, सॉरी. आंटींना दुसरा देऊ."

"विचका कसला?" ती म्हणाली. "इतक्या वर्षांत घरातल्या कुठल्याच पूजेला हात लावला नाहीत, पण आज सगळं अगदी रीतसर केलंत. पिवळीला न्हाऊ घातलंत, हळदकुंकू लावलंत, माळ घातलीत, ब्लाउजपीस देऊन तिची ओटीसुद्धा भरलीत."

तिने तो ब्लाउजपीस घडी घालून माझ्या खिशात कोंबला.

"आणि मग अहो, तुम्हीच तिची वानखेड्यांच्या घरी पाठवणी केलीत."