ओनोसाई चटईविना गेला

माझा मावसभाऊ ओनोसाई आमच्या सवाई बेटावर खोबऱ्याची पोती वाहणारी गाडी चालवायचा. अंगाने डोंगर, बोलायला गोगलगाय. त्याच्या तोंडून एक वाक्य पुरं होईपर्यंत आमचा कोको पिऊन व्हायचा. पण निघालेलं वाक्य त्याने कधी मागे घेतलेलं मला आठवत नाही. घेतलं ते एकदाच, आणि तेच सांगायला बसलोय.

एप्रिलात पलीकडच्या गावाच्या वळणावर त्याची गाडी माताईओच्या अंगावर गेली. माताईओ नारळावर चढणारा. त्या किनाऱ्यावर त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ओनोसाईने चौकीत सांगितलं, “ब्रेक लागले नाहीत.” आम्ही सगळ्यांनी ते मानलं.

अशा वेळी आमच्यात घराण्याचा कर्ता झुकतो. आमचे तुलेआकाका सत्तरी ओलांडलेले. त्यांनी पहाटे माताईओच्या घरासमोर गुडघे टेकले आणि घराण्यातली सगळ्यांत बारीक विणीची चटई डोक्यावरून ओढून घेतली. मागे आम्ही अठरा जण. पुढ्यात सरपण आणि केळीची पानं ठेवलेली: मनात आलं तर आम्हाला भाजून खा. ज्याच्या हातून घडलं त्याला मात्र घरीच ठेवतात, कारण रागावलेला हात कोयत्याकडे लवकर जातो. ऊन डोक्यावर आलं तेव्हा माताईओचा थोरला भाऊ खाली उतरला आणि त्याने चटई उचलली. मिटलं. दोन्ही गावं एका पंगतीत जेवली.

ओनोसाई जेवला नाही.

पुढच्या रविवारी पाळकांनी एदेन बागेवर प्रवचन केलं. उपासनेनंतर घरी जेवण भाजायच्या भट्टीतले दगड बाजूला सारत तो काकांना म्हणाला, “काका, ब्रेक चांगले होते. मी तीन बाटल्या प्यायलो होतो. आणि दुसऱ्या गाडीवाल्या फालानिकोशी शर्यत लावली होती.”

काका जवळ सरकले. “ऐकलंस ना आज? आपण आदामाची लेकरं. पाप रक्तातूनच येतं, पोरा. ते मी चटईखाली झाकलं. आता गप बस.”

“रक्त आदामाचं असेल. बाटली मी उचलली. ‘नको’ म्हणायला देवाने मला तोंड दिलं होतं.”

“मोठा आलाय तोंडवाला! इतके दिवस कुठे होतं ते?”

“भ्यालो होतो.”

“मग आणखी थोडं भी! मिटलेलं उकरायला गेलास तर ते कोयते काढतील. आणि मी ज्या गुडघ्यांवर तुझ्यासाठी बसलो, त्यांचं काय? खोट्यासाठी झुकलेला म्हातारा म्हणतील मला.”

“म्हणतील,” ओनोसाई म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. “मी उद्या जाणार.”

सोमवारी सकाळी तो चालत निघाला. मी मागे मागे गेलो. कुणीतरी त्याला जिवंत घरी आणायला हवं होतं. माताईओच्या घरासमोर त्याने उघड्या उन्हात गुडघे टेकले.

माताईओ घरात खांबाला टेकून बसला होता. “काय रे, चटई विसरलास?”

“चटई काकांची होती. मी माझ्यासाठी आलोय.” आणि त्याने सगळं सांगितलं. बाटल्या, शर्यत, ब्रेक. हळूहळू, एकही शब्द न गाळता.

थोरला भाऊ कोयता घेऊन पायरीवरून उतरला. मी पुढे झालो. ओनोसाईने मान खाली घातली, जागचा हलला नाही.

“थांब, दादा!” माताईओ ओरडला. कुबडीवर उठून तो पायरीपर्यंत आला. “महिनाभर मी ब्रेकला शिव्या देतोय. लोखंडाला शिव्या देऊन देऊन तोंड दुखलं माझं. आज कुठे शिव्या घालायला माणूस मिळाला.” आणि त्याने त्या घातल्या. आईवरून, आज्यावरून. ओनोसाईने सगळ्या ऐकून घेतल्या.

दम लागल्यावर माताईओ म्हणाला, “तुझ्या काकाला मी माफ केलं. तुला नाही. तुझं काय करायचं ते मला अजून माहीत नाही. पण चौकीतल्या वहीत ब्रेकचं नाव लिहिलंय, ते मला चालणार नाही. जा.”

“जातो,” म्हणून ओनोसाई उठला.

चौकी तिथून सहा मैल. गाडी थांबवून लोक विचारत, “बसतोस का?” तो ‘नको’ म्हणून मान हलवून चालत राहायचा.

चौकीतल्या पोलिसाने जुनं पान काढलं. “अरे, दोन गावांत समेट झालाय. कोर्टही तो लक्षात घेईल. पण हे बदललंस तर तुरुंग चुकत नाही. कळतंय का?”

“कळतंय.”

पोलिसाने ओळ खोडली, नवी लिहिली आणि वही त्याच्याकडे फिरवली. ओनोसाईने बोट ठेवून अक्षर अन् अक्षर वाचलं. सही करायला पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

“शर्यत राहिली,” तो म्हणाला. “तीही लिहा.”